डावा हात झोपलाय

"सुनेत्राताई, ह्यातली आठ गाणी मी वाजवलीच न्हाईत," असं म्हणून जयवंत आवळेनं वर्तमानपत्राची पुरवणी माझ्या टेबलावर टाकली आणि समोरच्या स्टुलावर बसला.

सकाळचे अकरा वाजले होते. मे महिना. राजारामपुरीतल्या तळघरात माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता आणि मी एका मसाल्याच्या जाहिरातीचं काम काढून बसले होते. पुरवणी मी पहाटेच वाचली होती. खरं सांगायचं तर पाच वेळा वाचली होती, कारण तिच्यात माझं नाव छापून आलं होतं.

"मग कुणी वाजवली? मी?" मी हसून म्हटलं.

तो हसला नाही. जयवंतनं न हसणं ही नवलाईच होती. 'खरडा' नावाच्या आमच्या कोल्हापुरी बँडचा तो ड्रमर. गाणारा आणि बेस गिटार वाजवणारा ऋतुराज नेजदार हा त्या बँडचा पुढारी. पण पाचही जणांत हसवणारा, चिडवणारा, दमलेल्यांना उठवणारा हाच. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा 'पाचवी गल्ली' हा अल्बम आला होता आणि पहिल्यांदाच कोल्हापूरबाहेर कुणीतरी त्यांची दखल घेतली होती. फंक रॉक, तोही आपल्या रांगड्या बोलीत, आणि ट्रम्पेटला लग्नाच्या बँडपार्टीतले दोघे चुलतभाऊ. मुंबईच्या समीक्षकानं अर्धं पान दिलं होतं. डावीकडे मथळा 'जमलेलं', उजवीकडे 'फसलेलं'.

माणूस कान असलेला होता, हे मला मान्य करावंच लागेल. ऋतुराजचा बेस पोटात घुसतो, ट्रम्पेट नको तिथे गप्प बसतात, शब्द उसने वाटत नाहीत, हे सगळं त्यानं बरोबर ओळखलं होतं. तिसऱ्या गाण्यातली ऋतुराजची इंग्रजी बडबड कापायला हवी होती, सहावं गाणं उगाच दोन मिनिटं लांबलंय, हेही त्यानं लिहिलं. मी तेव्हा ऋतुराजला तेच सांगून थकले होते. पण 'जमलेलं'मध्ये सगळ्यात वर होते ड्रम्स. 'घड्याळालाही लाजवेल अशी शिस्त', असं म्हटलं होतं आणि त्या शिस्तीचं श्रेय त्यानं अर्धं ड्रमरला, अर्धं ध्वनिमुद्रण करणाऱ्याला, म्हणजे मला दिलं होतं. 'फसलेलं'मध्ये सगळ्यात शेवटी नववं गाणं. 'इथे मात्र ड्रमर चक्क ढेपाळला आहे. डाव्या हाताखालचा स्नेअर ड्रम दर वेळी उशिरा पोचतो. गाणं संपल्यावर त्याचं ते हसत ओरडणं नसतं, तर हे गाणं वगळाच म्हटलं असतं.'

ते ओरडणं मीच राहू दिलं होतं. शेवटचा ठोका पडल्यावर जयवंत हसत म्हणतो, "ताई, डावा हात झोपलाय ओ!" आणि गाणं संपतं. पोरांना ते इतकं आवडलं होतं की कॉलेजच्या कट्ट्यावर एकमेकांना हाक मारायच्या जागी तेच ओरडत होती.

"आबांनी काल ऐकला अल्बम," जयवंत म्हणाला. "शेजारच्यांचा सीडी प्लेअर आणला मी. मोठ्या हौसेनं लावला. आबा नेहमीसारखं पाठ फिरवून बसलं."

त्याचे वडील महादू आवळे. आबा. चाळीस वर्षं हलगी वाजवलेला माणूस. वरातीत, जत्रेत, कुस्तीच्या मैदानात. घरातल्या पोरांना शिकवताना ते त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. वाजवणाऱ्याचं तोंड बघितलं की कान फसतो, असं त्यांचं म्हणणं. पोराचा उजवा हात चुकला तर उजव्या हाताचं बोट वर, डावा चुकला तर डाव्याचं. एक शब्द बोलायचे नाहीत. जयवंत ह्या बोटांखाली वाढला होता.

"मग? काय म्हणाले?"

"आठ गाणी संपली, बोट न्हाई. मी खूश. खरं तोंड फिरवून मला म्हणालं, ह्यो कोण वाजवालाय? ह्यो माझा जयवंत न्हवं. ह्यो कुणी माणूसच न्हवं."

माझा हात माउसवर होता. तो मी काढून मांडीवर ठेवला.

"आणि नववं लागलं. नवव्यात दोन ठोक्यात ओळखलं त्यांनी. म्हणालं, ह्यो जयवंत. आणि सगळा वेळ डावं बोट वर. खालीच घेईनात. गाणं संपल्यावर म्हणालं, तुझा डावा आजारी हाय. कवापासनं?"

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? मी म्हटलं, आबा, चेष्टा करतासा काय!" त्यानं पुरवणी माझ्याकडे सरकवली, उजव्या हातानं. बसल्यापासून डावा हात त्यानं मांडीखाली दाबून ठेवला होता. मी तो बघितला होता. "खरं रात्रभर डोकं फिरलं ताई. एक आबा म्हणत्यात आठ गाणी माझी न्हाईत. एक हा मुंबईवाला म्हणतोय आठ गाण्यात घड्याळ आणि एका गाण्यात भंगार. मी तर नऊच्या नऊ सारखीच वाजवलीत की. मला माझं नुसतं ड्रम ऐकवा. बाकी सगळं बंद करून. जसं वाजवलं तसं."

इथे मला सांगायला हवं की मी काय केलं होतं.

फंकचा सगळा जीव थोडं मागे राहण्यात असतो. ठोका जिथे पडेल असं वाटतं तिथे तो पडत नाही, पापणी लवायच्या आत पण जरा थांबून पडतो, आणि त्या थांबण्यात माणसाची मान आपोआप हलते. जयवंतला हे कुणी शिकवलं नव्हतं. वरातीत नवरदेवाचा घोडा रेंगाळतो, माणसं रेंगाळतात, त्यांच्या पायांबरोबर हलगी मागे ओढून धरावी लागते. ते त्याच्या हातातच होतं. पण ऋतुराजला डिसेंबरातल्या मुंबईच्या मोठ्या महोत्सवाचं आमंत्रण हवं होतं आणि तिथल्या आयोजकांना म्हणे सगळं 'टाइट' लागायचं. तो मला म्हणाला, "सुनेत्रा, सरळ कर. आणि जयाला सांगू नकोस, उगा मनाला लावून घेईल." मी सरळ केलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक ठोका रेघेसारखा दिसतो. स्नेअरची एकेक रेघ पकडून मी पुढे सरकवली आणि आखलेल्या जागेवर नेऊन बसवली. आठ गाणी, साडेतीन हजार ठोके. नववं करायला वेळ उरला नाही, सीडी छापायला पाठवायची होती.

आणि हे करताना मला अजून एक गोष्ट दिसली होती. रेकॉर्डिंग जानेवारी ते मार्च चाललं होतं. जानेवारीतल्या गाण्यांत मला रेघ जराशी सरकवावी लागत होती. मार्चमधल्या गाण्यांत त्याच्या चौपट. उजवा हात जागच्या जागी, पाय जागच्या जागी. मागे पडत होता तो फक्त डावा. मी मनाशी म्हटलं, लग्नसराई आहे, वडिलांबरोबर वराती वाजवतोय, सराव करत नाही. मागे राहणं ही त्याची खासियतच होती, त्यामुळे ती जरा जास्त झाली इतकंच, असं मी ठरवून टाकलं. मला कळलं नाही असं म्हणायची सोय आहे. पण अगदीच कळलं नाही असंही नाही.

"ऐकवा की," जयवंत म्हणाला.

मूळ रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती, लाल चिकटपट्टी लावलेली. हात वर केला असता तर पुरे होतं. मी हात वर केला नाही. पुरवणीत छापलेलं माझं नाव टेबलावर उताणं पडलं होतं आणि मी ते बघत होते.

"ऐकवतो," मी म्हटलं. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'ऐकवतो, जातो, येतो'च म्हणतो. आणि मी कॉम्प्युटरवरची सरळ केलेली फाइल उघडली. बाकीची वाद्यं बंद केली. नुसते ड्रम्स.

जयवंत उठला. स्टूल वळवून माझ्याकडे आणि स्पीकरकडे पाठ करून बसला, बापासारखा. पहिलं गाणं. चौथं. सातवं. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. शर्ट घामानं चिकटला होता, कारण माइक चालू असो वा नसो, स्टुडिओत पंखा बंद ठेवायची माझी सवय होती. त्याचं उजवं बोट वर जाईना, डावंही जाईना. जाणार कसं? त्यात चुकायला माणूसच ठेवला नव्हता.

"मला तर बरोबर वाटालंय," शेवटी तो म्हणाला. पण आवाजात आनंद नव्हता. "हे मीच ना ताई?"

"तूच. दुसरं कोण?"

"जसं वाजवलं तसं?"

"जसं वाजवलं तसं," मी म्हटलं.

तो वळला. "मग नववं?"

"त्या दिवशी पाच तास वाजवत होतास लेका. दमला होतास. एखादं गाणं जातं असं."

"आणि डावा?"

"सगळ्यांचाच झोपतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला अजून काहीतरी ऐकायचं होतं, त्याला कुणीतरी सोडवायला हवं होतं, आणि मी त्याला सोडवलं. मी विचारलं, "आबांचं वय काय रे आता?"

"एकाहत्तर."

"जन्मभर कानाशी हलगी. कान राहतात होय? एकदा तपासून घे त्यांचे."

ह्या वाक्यानं त्याचा चेहरा सैल झाला. मला ते आजही दिसतं. खांदे खाली आले, तो हसला, नेहमीसारखा दात दाखवून. "व्हय की! हे डोस्क्यातच आलं न्हाई बघा. टीव्हीचा आवाज बी लई मोठा ठेवत्यात. उद्याच नेतो." मग त्यानं पुरवणी उचलली, उजव्या हातानंच घडी घालायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून हनुवटीखाली धरून घातली. "मुंबईवाल्याला डिसेंबरात दावतो, ढेपाळणं कशाला म्हणतात ते," असं म्हणत जिना चढून गेला.

मी पंखा लावला आणि मसाल्याची जाहिरात पुढे सुरू केली.

पुढचं मी लांबवत नाही. ऑक्टोबरात पुण्याच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला जयवंतची डावी काठी हातातून सुटली. त्यानं दुसरी घेतली, तीही सुटली. लोकांना वाटलं, गंमत करतोय. हजार पोरं एका सुरात ओरडली, "डावा हात झोपलाय!" आणि त्यानं, ऋतुराज सांगतो, हसून उजवा हात वर केला. नोव्हेंबरात डोक्याचा फोटो काढला. मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती. सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण ती खोल गेली होती. फेब्रुवारीत जयवंत गेला. एकतीस वर्षांचा होता.

मुंबईच्या महोत्सवात 'खरडा' दुसरा ड्रमर घेऊन वाजले. फार गाजले. आजही 'पाचवी गल्ली'चं नाव निघालं की लोक पहिल्यांदा ड्रम्सच्या शिस्तीबद्दल बोलतात.

आबा माझ्याकडे आले ते एप्रिलमध्ये, जयवंत जाऊन दोन महिने झाल्यावर. सकाळीच आले. जिन्याच्या तळाशी चपला काढून उभे राहिले, मी 'या, बसा' म्हटल्यावर आत आले आणि वर्षापूर्वी त्यांचा मुलगा बसला होता त्याच स्टुलावर बसले. उंच, वाळलेला माणूस. पांढरा सदरा, डोक्याला टोपी. त्यांनी खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून टेबलावर उलगडला.

"हे वाचा बाई. मला वाचता येत न्हाई. खरं डॉक्टरांनी सांगितलंय त्यात काय लिहिलंय ते."

कानाच्या तपासणीचा कागद होता. गेल्या मेचा. दोन्ही कान ठणठणीत, वयाच्या मानानं फारच चांगले.

"माझं कान बरं हायत," आबा म्हणाले. "हे जयवंतलाबी कळलं त्याच दिवशी. खरं मग तो म्हणाला, ताईंनी सगळं ऐकवलं मला, ताई खोटं बोलायच्या न्हाईत. तुमचं कान बरं असतील आबा, खरं तुमचं मन भितंय. आणि विषय संपवला."

मी कागदाची घडी घालून तो त्यांच्याकडे सरकवला.

"त्यानं जसं वाजवलं तसं तुमच्याकडं हाय का अजून?"

"आहे आबा." आणि मग मी सांगितलं. काय सरळ केलं, कुणी सांगितलं, जयवंतला काय ऐकवलं, कानाचं कुणी सुचवलं. एका दमात सांगितलं. रडले मी, त्याला काही किंमत नाही. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाले, "लावा."

मी फळीवरून लाल पट्टीची डिस्क काढली. ती मी वर्षभर उघडली नव्हती. आबांनी स्टूल फिरवलं आणि माझ्याकडे पाठ केली.

पहिलं गाणं, जानेवारीचा पहिला आठवडा. जयवंत खोलीत आला. मला दुसरा शब्द सुचत नाही. ती ओढून धरलेली चाल, तो ठोका, जिथे पडायला हवा तिथून जरासा मागे. आबांची मान हलू लागली. दुसऱ्या गाण्यातही हलत होती. तिसऱ्या गाण्यात, मधेच कुठेतरी, त्यांच्या डाव्या हाताचं बोट वर गेलं.

"हे कवाचं?"

मी पडद्यावरची तारीख वाचली. "बावीस जानेवारी."

"जानेवारी," ते म्हणाले. बोट तसंच होतं.

आणि तेवढ्यात गाणं संपलं आणि मला माहीत नसलेलं एक काहीतरी स्पीकरमधून आलं. माहीत नसलेलं कसं म्हणू, विसरलेलं. गाणी कापताना सुरुवातीची आणि शेवटची बडबड मी न ऐकताच काढून टाकते, सगळेच काढतात; नवव्यातलं ते ओरडणं ठोक्याला चिकटून होतं म्हणून तेवढं कानावर आलं होतं. मूळ डिस्कमध्ये ती होती. जयवंतचा आवाज आला, दमलेला, काठ्या खाली ठेवल्याच्या आवाजासकट.

"ताई, जरा थांबा ओ. डाव्या हाताला मुंग्या आल्यात. मघाधरनं येत्यात."

त्याच्यामागून काचेपलीकडून बोलायच्या माइकमधून माझा आवाज. हसरा. "चहा कमी पी. नाटकं नकोत, चल, परत एकदा."

"बरं," जयवंत म्हणाला, आणि काठ्या उचलल्या.

मी यंत्र बंद केलं. आबा वळले नाहीत.

"ह्यो आवाज तुमचा?"

"माझा."

 मग ते बोलू लागले, भिंतीकडे तोंड करूनच. "मला वाटलं हुतं, त्यानं कुणालाच सांगितलं न्हाई. सगळ्यांस्नी हसवत फिरला आणि दुखणं लपवलं. दवाखान्यात मी त्येला तेच बोललो बाई. म्हटलं, तू तुझ्या हातानं हे केलंस, तोंड उघडलं न्हाईस. तो म्हणत हुता, आबा, सांगितलं हुतं मी, सांगितलं हुतं. मला वाटलं, आता बी खोटं बोलतोय. शेवटचं आठ दिवस मी त्याच्याशी धड बोललो न्हाई." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सांगितलं हुतं त्यानं."

"हो आबा."

"परत लावा. तेवढंच."

मी लावलं. मुंग्या आल्यात. मघाधरनं येत्यात. ते पुन्हा म्हणाले, लावा. मी पुन्हा लावलं. दर वेळी त्या दोन वाक्यांमागून माझा हसरा आवाज येत होता आणि मला तो ऐकवेना.

"आबा," मी म्हटलं, "मी माझा आवाज कापून देतो. नुसता त्याचाच ठेवतो."

त्यांनी पहिल्यांदा तोंड फिरवून माझ्याकडे बघितलं.

"नगं," ते म्हणाले. "आता काय कापू नका."